गाविलगड पाहून आल्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा सराव नाही. चिटणीसबाईंनी "माघातल्या चिखलदऱ्याच्या सहलीबद्दल चार शब्द सांगा" अशी गळ घातली, म्हणून उभी राहिले आहे. सहलीत काय काय झाले, बस कोठे बंद पडली आणि रबडीची किती मडकी रिकामी झाली, हे तुम्हां सर्वांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याची उजळणी मी करीत नाही. मला बोलायचे आहे ते एका प्रश्नाबद्दल.

आपण गाविलगडाच्या दरवाज्यात दम खात बसलो होतो. आपल्याच आळीतल्या एक सूनबाई, लग्न होऊन नुकत्याच नागपुरास आलेल्या, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "काकू, इथे बायका राहात होत्या का हो? लढाई झाली तेव्हा त्यांचं काय झालं?" मी म्हटले, "राहात असतील की," आणि घाईघाईने डबा उघडला. खरे सांगायचे तर मला काहीच माहीत नव्हते. मॅट्रिकपर्यंतचा इतिहास मी शिकले, त्यात गाविलगडाचे नाव एका ओळीत येऊन गेले होते, तेवढेच. पण प्रश्न काही मनातून जाईना. म्हणून घरी आल्यावर वाचनालयातून जुने गॅझेटियर, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, वेलस्लीचे खलिते असे जे हाती लागले ते वाचीत बसले. त्यातून जे समजले ते आज सांगते.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण नागपूरकर चिखलदऱ्याला जातो ते हवा खायला, धुके पाहायला. गाविलगड हे तिथले एक 'पॉइंट' अशी आपली समजूत असते. पण हा किल्ला नागपूरकर भोसल्यांचा होता. सीताबर्डीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये जे घडले, त्याची सुरुवात चौदा वर्षे आधी ह्या डोंगरावर झाली होती असे मला आता वाटू लागले आहे.

किल्ला समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. एका अंगाला पूर्णेचे खोरे, दुसऱ्या अंगाला तापीचे. गवळ्यांचा गड तो गाविलगड, असे लोक सांगतात, आणि गवळी मंडळी अजूनही त्या डोंगरांत गुरे राखून आहेतच. पण आज दिसतो त्या दगडी तटाचा इतिहास बहामनी काळापासून सुरू होतो. सुलतान अहमदशहा बहामनी १४२५ च्या सुमारास एलिचपुरास, म्हणजे आपल्या अचलपुरास, मुक्काम करून होता. त्या मुक्कामात त्याने हा गड बांधला असे फेरिश्ता लिहितो. उत्तरेकडच्या राजांपासून वऱ्हाड राखायचे तर सातपुड्याचा हा उंबरठा हाती हवा, हे त्याने ओळखले होते.

पुढे वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क ह्याने १४८८ साली गडाची डागडुजी केली. एका दरवाज्यावरील लेखात त्याची नोंद आहे. ह्या फत्तेउल्लाची कथा मोठी विलक्षण आहे. तो मुळात विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू कुळातला. लढाईत लहानपणीच पकडला गेला, मुसलमान झाला, चाकरीत वाढता वाढता सुभेदार झाला आणि १४९० मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान होऊन बसला. तुम्हांला आठवत असेल, दिल्ली दरवाज्यावर आपण एक दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला पाहिला. चोचींत आणि पायांत त्याने हत्ती धरले आहेत. बाजूला सिंहही आहेत. आपल्यापैकी कोणी त्याला गरुड म्हटले, कोणी गिधाड. तो गंडभेरुंड आहे आणि विजयनगरच्या राजांच्या चिन्हांत तो येतो. म्हणून जाणते असा तर्क करतात की, फत्तेउल्लाने आपल्या माहेरची खूण ह्या दरवाज्यावर कोरून ठेवली. मी 'माहेरची' म्हणते, कारण मला दुसरा शब्द सुचत नाही. लहानपणी सुटलेले घर माणूस कोठे कोठे कोरून ठेवतो ते आपल्याला पुरुषांच्या बाबतीत फारसे दिसत नाही, एवढेच.

नंतर वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले. मोगलांची धास्ती होती, म्हणून बहरामखान नावाच्या किल्लेदाराने १५७७ साली एक भक्कम बुरूज उभारला. तो आजही बहराम बुरूज म्हणून ओळखला जातो. १५९६ मध्ये चांदबिबीला अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड अकबराला द्यावे लागले. गड मात्र त्यानंतरही काही काळ झुंजत राहिला. आईने-अकबरीत गाविलगडाला जवळजवळ अजोड म्हटले आहे, आणि तेथल्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात असेही लिहिले आहे. हत्याराला पाणी देणे म्हणजे तापवून विझवणे, हे आपल्या लोहारवाड्यातल्या कोणालाही ठाऊक असते.

आता रचनेकडे वळते. ती समजली नाही तर पुढची लढाई समजणार नाही.

आपला महालातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. पुढे अंगणाची भिंत, मग पहिला चौक, मग दुसरा चौक. गाविलगड तसाच आहे. सर्वांत आत, दक्षिणेच्या बाजूला, मुख्य किल्ला. तिकडे कडा इतका तुटलेला आहे की तट केवळ नावाला हवा. त्याच्या उत्तरेस आणि वायव्येस बाहेरचा किल्ला, म्हणजे पहिला चौक. आणि त्याच्याही पुढे उत्तरेकडे तिसरी भिंत, लबाडा नावाच्या गावाकडून येणारी वाट अडवणारी. आतला आणि बाहेरचा किल्ला ह्यांच्यामध्ये खोल घळ आहे. आपण धापा टाकीत उतरलो आणि पुन्हा चढलो, ती हीच.

वाटा तीन. दक्षिणेकडची लांब आणि उभी चढण, माणूस कसाबसा चढेल अशी. वायव्येची वाट शिबंदीच्या रोजच्या ये-जा करण्याची. पण ती किल्ल्याच्या पश्चिम अंगाने वळसा घेते, अरुंद आहे, एका बाजूला तासलेला कडा, आणि सारा वेळ बुरुजांच्या माऱ्याखाली. उत्तरेची वाट तेवढी सरळ. तेथे डोंगराचे पठार आणि गडाची जमीन एका पातळीवर येतात. म्हणून तर बांधणाऱ्यांनी तिकडेच भिंतीवर भिंत रचली. बाकी बाजू निसर्गाने राखल्या, ही एक बाजू माणसाने राखायची. आणि ह्या वाटेला यायचे तर एलिचपुराहून डोंगरांतून सुमारे ३० मैल फिरून यावे लागे. रस्ता असा नव्हताच. तोफा घेऊन कोण येणार?

आत मोठमोठे तलाव आहेत. पाण्यावाचून गड पडला असे ह्या गडाच्या बाबतीत झाले नाही. तलावांवरून पुढे चढून गेले की मोठी मशीद. दर्शनी सात कमानी, आणि कोपऱ्यावर नाजूक जाळीची दगडी छत्री. छत बरेच पडले आहे, पण त्या जाळीतून ऊन जमिनीवर पडते तेव्हा क्षणभर वाटते की कोणी रांगोळीची छिद्राछिद्रांची नळी फिरवून गेले आहे. बुरुजांवर लांबच्या लांब तोफा अजून पडून आहेत. त्यांवर मुलांना बसवून फोटो काढण्याची हौस आपण भागवून घेतली, ती मीही.

अठराव्या शतकात हा गड नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ साली दुसऱ्या रघूजीराजांचे आणि शिंद्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगावची. अडगावी राजांचे बंधू व्यंकोजी, ज्यांना मन्याबापू म्हणत, ते सेनापती होते. दोन्ही ठिकाणी हार झाली. पळालेल्या फौजेतली बरीच माणसे गाविलगडात येऊन शिरली. किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा रजपूत.

आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने दक्षिणेच्या बाजूने तोफा लावल्या. पण तो देखावा होता. खरे काम कर्नल स्टीव्हन्सनवर होते. त्याने ते ३० मैल कापले. ७ डिसेंबरपासून पाच दिवस त्याची माणसे दऱ्याडोंगरांतून स्वतः वाट तयार करीत, जड तोफा हातांनी ओढीत चालली होती. १२ तारखेच्या रात्री त्यांनी उत्तरेच्या तटासमोर मोर्चे बांधले. १३ ला सकाळी तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना भगदाडे पडली. १५ डिसेंबर १८०३, सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला.

म्हणजे 'कोण येणार' म्हणून जी वाट सोडली होती, तिनेच ते आले. आपल्या घरातही मागल्या दाराची कडी आपण किती वेळा "तिकडून कोण येतंय" म्हणून तशीच ठेवतो!

तरीही गड तेवढ्याने पडला नव्हता. बाहेरचा किल्ला गेला, पण आतला शाबूत होता. त्याच्या तटाला एकही भगदाड नव्हते. दोन किल्ल्यांमधला दरवाजा फोडण्याचा प्रयत्न फसला. चढाई करणारा कर्नल केनी प्राणघातक जखमी झाला. अशा वेळी ९४ व्या पलटणीच्या कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनाला तटाला शिडी लावता येईल अशी एक जागा सापडली. त्याची माणसे शिड्या चढून आत उतरली आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. मग पुढे लढाई अशी राहिली नाही. सर्वांत जास्त माणसे मेली ती दरवाज्यांशी. बाहेर पडायची आणि आत शिरणारी गर्दी एकाच अरुंद देवडीत सापडली. आपण डबे उघडून बसलो होतो ती जागा तशाच देवड्यांपैकी एक.

ही ९४ वी पलटण 'स्कॉच ब्रिगेड' म्हणून प्रसिद्ध होती, म्हणजे स्कॉटलंडच्या लोकांची. सहज म्हणून त्यांच्या देशातल्या किल्ल्यांबद्दल वाचले. तिकडे आपल्यासारखे डोंगरभर पसरलेले गड थोडे. सरदाराचा किल्ला म्हणजे बहुधा एकच उंच दगडी मनोरा. तळाला कमानी छताचे कोठार, वरच्या मजल्यावर बैठकीचे दालन, आणि भिंतीच्या जाडीतून वर जाणारा गोल जिना. डी नदीच्या बेटावरचा थ्रीव्ह हा असाच एक मनोरा, डग्लस घराण्याने चौदाव्या शतकात बांधलेला. १४५५ मध्ये राजा दुसरा जेम्स ह्याने त्याला दोनेक महिने वेढा घातला. शेवटी आतल्या शिबंदीला वश करून तो घेतला. तोही मनोरा आता बिनछपराचा उभा आहे. भिंत कितीही जाड असो, दार उघडणारा माणूस महत्त्वाचा, हे त्या शिपायांना आपल्या घरच्या किल्ल्यांवरूनच ठाऊक असावे!

आता त्या प्रश्नाचे उत्तर.

होय, गडावर बायका होत्या. बेनीसिंग आणि त्याच्या बरोबरीचे सरदार ह्यांनी लढून मरायचे ठरवले आणि त्याप्रमाणे ते मेले. बेनीसिंगाचे प्रेत दरवाज्याजवळ प्रेतांच्या ढिगात मिळाले. त्याआधी त्यांनी रजपुती रिवाजाप्रमाणे आपल्या बायकामुलींना ठार करायचे ठरवले होते. ग्रँट डफने हे लिहून ठेवले आहे. तोही स्कॉटलंडचाच, पुढे साताऱ्यास इंग्रजांचा कारभारी होता. त्याचा इतिहास १८२६ साली छापला गेला. तो सांगतो की ते काम अर्धवट झाले. थोड्या बायका मेल्या. बहुतेक जखमी झाल्या, आणि त्या जखमांतून बऱ्या झाल्या.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

मी शाळेत असताना आमच्या गॅदरिंगमध्ये जोहाराचा देखावा होता. मी पद्मिनी झाले होते. लाल क्रेप कागदाच्या ज्वाळा, खाली पंखा लावलेला, आणि मी हात जोडून डोळे मिटून उभी. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. आई घरी आल्यावर दृष्ट काढीत होती. तेव्हापासून किल्ला आणि बायका म्हटले की माझ्यापुढे तेच चित्र येई. त्यात आग असते, पण भाजत कोणालाच नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातून कोणी उरत नाही. गाविलगडच्या बायका उरल्या. आपल्याच माणसांच्या हातच्या तलवारीचे वार अंगावर घेऊन, शत्रूच्या छावणीत, त्या शुद्धीवर आल्या असतील. त्यांना आधी कोणी विचारले होते काय? विचारले असते तर काही जणींनी 'होय' म्हटलेही असते. त्या काळी शत्रूच्या हाती पडणे म्हणजे काय, ते त्या जाणत होत्या; मी येथे पंख्याखाली उभी राहून त्यांना शहाणपण शिकवणार नाही. पण त्याला वैभव म्हणायला माझी जीभ रेटत नाही, एवढे सांगते. आणि "इंग्रज किती उदार, त्यांनी बायकांना वाचवले" असे म्हणणारे भेटतात, त्यांनाही माझे सांगणे आहे की, त्या सकाळी गडावर चालून आले होते ते कोण?

कॅम्पबेलचे नाव आहे, केनीचे आहे, स्टीव्हन्सनचे आहे. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या एका इंग्रज लेखकाने ह्या लढाईवर कादंबरीच लिहिली आहे. माझा भाचा परदेशात असतो. त्याने ती वाचली होती आणि गाविलगड कोठे हे मलाच विचारले होते! बायकांचे मात्र एकही नाव मला कोठे मिळाले नाही. गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि पुस्तक त्या तहाच्या कलमांकडे वळते.

त्या तहाने रघूजीराजांनी कटक प्रांत इंग्रजांना दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले तेवढे राजांकडे राहिले. बाहेरचे सारे शेत गेले आणि कोठीच्या किल्ल्या हातात राहिल्या, तसे ते होते. शिवाय नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट आला. कोण? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ल्याच्या तुकडीबरोबर जो गडात शिरला होता, तोच तरुण १८०४ पासून १८०८ पर्यंत आपल्या नागपुरात राहून दरबारावर नजर ठेवीत होता. मुंबईत ज्याच्या नावाचे कॉलेज आहे तोच हा.

१८२२ मध्ये गाविलगडही भोसल्यांकडून निजामाकडे गेला, आणि १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या ताब्यात. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरला, तेव्हा हा गड त्याच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी तो मोडून टाकला. म्हणजे आपण जी पडझड पाहतो आणि "काळाचा महिमा" म्हणून उसासा टाकतो, तो सगळाच काळाचा महिमा नव्हे. बरेच काम सुरुंग आणि पहारी ह्यांचे आहे, हुकमाने केलेले. राहिलेले काम झाडांच्या मुळ्या करीत आहेत, आणि थोडे आपणही. मशिदीच्या खांबावर कोळशाने लिहिलेली दोन नावे मी वाचली, त्यांतले एक आपल्या नागपूरच्याच एका महाविद्यालयाचे नाव जोडून लिहिलेले होते. पोरांना कोणी सांगितले नसेल की हे आपले आहे.

माझे भाषण लांबले. चिटणीसबाई मघापासून घड्याळ दाखवीत आहेत.

पुढल्या माघातही मंडळाची सहल चिखलदऱ्यालाच न्यावी, असे मी कार्यकारिणीला लिहून दिले आहे. ह्या वेळी पहाटे निघू, म्हणजे ऊन चढण्याआधी गडात शिरता येईल. चपला नकोत, पायांत बूट किंवा कॅनव्हासचे जोडे घाला. घळीत दगड निसरडे आहेत. त्या सूनबाई आज येथे आल्या आहेत, मागे कडेवर बाळ घेऊन उभ्या आहेत. त्यांनी यादीत पहिले नाव घालावे. देवडीत बसून ह्या वेळी डबा मी नंतर उघडीन.